नवा बेसबॉल ग्लव्ह लवकर मऊ कसा करावा? मदत हवी आहे

मुलीसाठी पावणेबारा इंची चामड्याचा ग्लव्ह घेतला आहे. चामडं उत्तम आहे, पण इतकं कडक की तिच्या हाताने तो मिटतच नाही. चेंडू बरोबर मध्ये येतो आणि टप्पकन बाहेर उडतो. बिचारी हिरमुसते.

आतापर्यंत रोज वीसेक मिनिटं झेलाझेली केली. लाकडी हातोडीने खळग्यात (ग्लव्हच्या मधे जिथे चेंडू बसतो तिथे) ठोकतो, अंगठ्याच्या आणि करंगळीच्या बाजूला जिथे घडी पडायला हवी तिथे हाताने वाकवतो. रात्री आत चेंडू ठेवून पट्ट्याने आवळून ठेवतो. खळगा थोडा बसलाय, घडी मात्र अजून ताठच आहे.

ओव्हन किंवा मायक्रोवेव्हच्या वाटेला मी जाणार नाही. त्याने चामडं वाळतं आणि ग्लव्ह ओवून बांधणाऱ्या चामडी वाद्या कमकुवत होतात. प्रश्न तेलाचा आहे. जास्त झालं तर ग्लव्ह जड आणि लिबलिबीत होतो, म्हणून अजून हात लावलेला नाही. घडीच्या जागी अगदी पातळ हात दिला तर चालेल का? तेल बरं की चामड्याचं कंडिशनर?

आणि करंगळीकडच्या वाद्या जराशा सैल केल्या तर मिटायला सोपं जाईल का? ज्यांनी लहान मुलांचे ग्लव्ह तयार केलेत त्यांनी कृपया सांगा. सामने तीन आठवड्यांवर आलेत.