अंध मुलांसाठी चालण्याचा व्यायाम : तोल, चाल आणि स्मरणशक्ती

प्रश्न (क्रीडाशिक्षक, निवासी अंधशाळा)
आमच्याकडील १३ ते १७ वयोगटातील पूर्णतः अंध मुले शाळेच्या आवारात सहज वावरतात. मोकळ्या मैदानावर मात्र पाय फाकवून, आखूड पावले टाकत, धड किंचित मागे झुकवून चालतात. त्यांच्यासाठी रोज चालण्याचा, त्यातही उलटे चालण्याचा व्यायाम सुरू करण्याचा विचार आहे. त्याने तोल आणि चाल सुधारेल का, आणि स्मरणशक्तीलाही लाभ होतो या म्हणण्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट)
तोल राखण्यासाठी शरीर दृष्टी, आंतरकर्णातील संतुलनेंद्रिय आणि तळपाय, सांधे व स्नायूंकडून येणारी संवेदना या तिहींवर विसंबते. दृष्टी नसली की उरलेल्या दोन्हींवर भार येतो, आणि सरावाने त्यांचा उपयोग अधिक चांगला करता येतो. आपण वर्णन केलेली चाल ही बहुधा पुढे काय आहे हे ठाऊक नसलेल्या माणसाने घेतलेली खबरदारी असते, त्यामुळे ‘ताठ चाल’ असे बजावून ती बदलत नाही. उलटे चालताना आधी चवडा आणि मग टाच टेकते, मांडीच्या पुढच्या स्नायूंना जास्त काम पडते, म्हणून तो प्रकार जरूर घ्यावा. मात्र सुरुवात सपाट जमिनीवर, कमरेच्या उंचीला ताणलेल्या दोरीच्या आधाराने करावी. ज्यांना दृष्टिपटल सुटण्याचा धोका आहे, त्यांच्याबाबत आधी नेत्रतज्ज्ञांना विचारावे. ज्यांना ऐकूही कमी येते, त्यांचे संतुलनेंद्रियही दुबळे असू शकते. त्यांना इतरांच्या वेगाने पळवू नये.

प्रतिसाद २ (चलनवलन प्रशिक्षक, स्वतः अंध)
दोरी सुरुवातीला ठीक आहे, पण मुलांना तिचीच सवय लागली तर मैदानावरची भीती तशीच राहील. मी उलट्या चालीला दुय्यम स्थान देईन आणि पांढऱ्या काठीला पहिले. डावा पाय पुढे पडताना काठीचे टोक उजवीकडे आणि उजवा पडताना डावीकडे टेकले, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. ही लय एकदा बसली की पावले बहुधा आपोआप लांबतात, कुणाला सांगावे लागत नाही. खुल्या जागेत आम्ही सरळ रेषा सोडून एका बाजूला सरकत जातो, म्हणून मैदानाच्या टोकाला कुणीतरी टाळ्या वाजवत उभे राहावे. आणि कृपा करून व्यायामाच्या वेळी ध्वनिक्षेपकावर गाणी लावू नयेत. क्रीडादिनाच्या उत्साहात हे नेहमी होते आणि आमचे कानच निकामी होतात.

प्रतिसाद ३ (विशेष शिक्षिका)
स्मरणशक्तीबाबत जपून बोलावे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्या वृद्धांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित भागाचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला होता. परंतु ती माणसे वृद्ध आणि डोळस होती, त्यामुळे तो निष्कर्ष आपल्या मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय ऐकलेले आकडे क्रमाने लक्षात ठेवण्यात जन्मांध मुले अनेकदा डोळस मुलांहून सरस ठरतात, म्हणून केवळ आकडे म्हणवून घेतले तर व्यायामाचा परिणाम कळणारच नाही. त्यापेक्षा वळणे असलेला नवा मार्ग एकदा चालवून घ्यावा, दुसऱ्या दिवशी तो तोंडी सांगायला लावावा आणि मग उलट दिशेने एकट्याने पार करायला सांगावा. मूल कुठे थबकते याची नोंद ठेवली, तर चाल आणि स्मरण दोन्हींचा अंदाज एकाच वेळी येतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. काठीच्या लयीपासून सुरुवात करतो. उलटी चाल दोरीच्या आधाराने आठवड्यातून दोनदाच घेईन. टाळ्या वाजवण्यासाठी मोठ्या वर्गातील मुलांना उभे करता येईल.