ब्रॉडकास्ट लिस्टला 'दवंडी यादी' म्हणावं का?

मोर्शीकर
आमच्या शेतकरी कंपनीचं माहितीपत्रक छापायचं आहे, म्हणून विचारतो. कृषी सेवा केंद्र, संत्र्याचे व्यापारी, जिनिंगवाले, सगळे आता व्हॉट्सअ‍ॅपवर भाव 'सोडतात'. (फोटो 'टाकतात', भाव 'सोडतात'. आमच्याकडे हा फरक पक्का आहे.) बऱ्याच जणांचं काम ब्रॉडकास्ट लिस्टवर चालतं, म्हणजे मेसेज एकदाच लिहायचा नि यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवायचा. तिला 'दवंडी यादी' चालेल?

हिंगणघाटचा मास्तर
चालेल काय, धावेल. दवंडी म्हणा, डौंडी म्हणा, मुनादी म्हणा, म्हाताऱ्यांनाही समजते. 'डांगोरा' तेवढा नको, त्यात बदनामी येते. बाकी एकानं सांगायचं नि गावानं ऐकायचं, काम तेच. कोतवालाच्या जागी फोन आला एवढंच.

आर्वीची सून
मास्तर, काम तेच नाही ना जी. दवंडी चौकात होते. मी ऐकली तशी शेजारणीनंही ऐकली, आणि तिनं ऐकली हे मलाही माहीत असतं. म्हणून दवंडीत दोन भाव सांगता येत नाहीत. ब्रॉडकास्टचा मेसेज एकेकाच्या फोनवर वेगळा उतरतो, यादीत आणखी कोण आहे ते कोणालाच दिसत नाही. आमच्या मामंजींना कापसाचा भाव आला, वर 'राम राम भाऊ'. त्यांना वाटलं, व्यापाऱ्यानं आठवणीनं आपल्यालाच पाठवला. जाऊबाईंच्या माहेरी त्याच दिवशी, त्याच व्यापाऱ्याचा, त्याच 'राम राम भाऊ'सकट भाव आला, तो क्विंटलमागे शंभरानं जास्त. तिकडे जिनिंग जवळ आहे, लोक माल दुसरीकडे नेऊ शकतात. आम्हाला गाडीभाडं परवडत नाही, हे त्याला ठाऊक. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, ही त्याच घराण्यातली गोष्ट आहे.

हिंगणघाटचा मास्तर
हे पटलं. मग 'रुमाल यादी' छापा, व्यापारी पत्रकच फाडतील! पण ताई, दोन भाव काही फोननं आणले नाहीत. खेडा खरेदीत ते आधीही होतेच, दारोदार फिरून सांगावे लागत. आता बसल्या जागेवरून सांगता येतात.

तिरोडेकर
शिवाय दवंडी ऐकायला आधी कोतवालाशी ओळख लागत नव्हती. ब्रॉडकास्ट मात्र ज्यानं दुकानदाराचा नंबर सेव्ह केला त्यालाच पोचतो, आणि एका यादीत २५६ लोकच बसतात. आमच्या इथं खताच्या बिलावर शिक्काच असतो, 'नंबर सेव्ह करा'.
दवंडीच्या जवळ जायचं तर ग्रुप आहे. तिथं सगळे सगळ्यांना दिसतात. पण दुकानदाराला तेच जड जातं. २०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर ओरड झाली, तेव्हा एका केंद्राच्या ग्रुपवर कोणीतरी शेतातल्या रिकाम्या तासांचा, म्हणजे पेरलेल्या ओळींचा, फोटो टाकला. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, बियाण्याच्या पिशवीवरच्या लॉट नंबरासकट. संध्याकाळपर्यंत सेटिंग बदललं, फक्त अ‍ॅडमिन बोलणार. ही सोय २०१८पासून आहे, पण आमच्याकडे ती त्या दिवशी कळली. आता त्या ग्रुपवर औषधांच्या जाहिराती नि सणांच्या शुभेच्छा. त्याला ग्रुप म्हणण्यापेक्षा 'फळा' म्हणावं, बाजार समितीत भाव लिहितात तसा. वाचा नि चालू लागा.

मोर्शीकर
'फळा' घेतला. ब्रॉडकास्टला 'निरोप यादी' कसं वाटतं? निरोप ज्याचा त्याला जातो.

आर्वीची सून
छान आहे. पण खाली एक ओळ छापा, 'हाच निरोप शेजाऱ्याला काय आला ते विचारा'.

हिंगणघाटचा मास्तर
आणि 'स्टेटस'?

तिरोडेकर
त्याला हात नका लावू. 'स्टेटसले भाव ठेवला' असं गाव बोलतं, तेच राहू द्या. फक्त तो २४ तासांनी जातो. गाडी दुसऱ्या दिवशी पोचली की व्यापारी म्हणतो, 'कोणता भाव?' आमचे पोट्टे आता माल भरायच्या आधी स्क्रीनशॉट काढतात. त्याला मराठी शब्द असेल तर सांगा, नसेल तर 'फोटो मारून ठेवा' छापा. सगळ्यांना कळतं.