मदत हवी आहे: कवितेला चाल लावली, आता हक्क कोणाचे?
मैत्रिणीच्या ६ कवितांना मी चाली लावल्यात, गाऊन रेकॉर्डही केलंय, आता ऑनलाइन टाकायचंय. वाचून एवढं कळलं की १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही, आणि शब्द, चाल, रेकॉर्डिंग या तिन्हींचे हक्क वेगवेगळे असतात. म्हणजे चाल माझी असली तरी शब्द तिचेच, आणि ते बरोबरच आहे. तिने तोंडी हो म्हटलंय, पैशांचं काही ठरलेलं नाही, कविता आधी कुठे छापलेल्या नाहीत. एकजण म्हणतो मेसेजवरची परवानगी पुरते, दुसरा म्हणतो सही हवीच. मैत्रीत नंतर वाद नकोत म्हणून सगळं आधीच लिहून ठेवायचंय. तर त्या कागदात नेमकं काय काय यायला हवं, आणि पुढे तिसऱ्याच कोणाला हे गाणं गायचं असेल तर परवानगी दोघींची लागेल का?