ब्रिज क्लबात नवीन लोक आणायचे कसे? बुधवारची टेबलं घटतायत

किलवर_दुर्री
नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या ब्रिज क्लबाची थोडी खबरबात आणि एक प्रश्न. बुधवारचं डुप्लिकेट (तेच वाटलेले पत्ते सगळ्या टेबलांवर फिरतात तो ब्रिज) पुन्हा नेमाने चालू झालंय, बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांचे डबे) नवीन आणले (जुन्यातली पासची हिरवी कार्डं पार मऊ पडली होती आणि लाल डबल निम्मी गायब), स्कोअर मोबाईलवर टाकतो त्यामुळे रात्रीच ग्रुपवर निकाल आणि रात्रीच भांडणं.

अडचण टेबलांची आहे. लॉकडाऊनआधी सात टेबलं सहज व्हायची, मग फिरण्याची मिचेल पद्धत लावायची, नॉर्थ-साउथ बसून, ईस्ट-वेस्ट एकेक टेबल पुढे, डोक्याला ताप नाही. आता पाचवर आलोय म्हणजे हॉवेल पद्धत, नऊ राउंड, तीन-तीन बोर्ड (वाटून ठेवलेले डाव), आणि एक जोडी सोडून सगळ्यांची उठबस. त्या न हलणाऱ्या जोडीच्या खुर्च्यांसाठी गुडघेदुखीवाल्यांची जी चढाओढ लागते ती बघण्यासारखी असते. निम्मे जुने लोक घरूनच बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन) खेळतात, काही देवाघरी गेले.

दिवाळीनंतर नवशिक्यांसाठी शनिवार सुरू करायचाय. मागे आमच्या एका ज्येष्ठांनी क्लास घेतला, पहिल्याच दिवशी स्टेमन, ट्रान्सफर, ब्लॅकवुड, बोलीतले सगळे खास संकेत फळ्यावर! पुढच्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या. तर ज्यांना मेंढीकोट, तीनशे चार व्यवस्थित येतं त्यांना नेमकी कुठून सुरुवात करून द्यावी?

हुकमाचा_गुलाम
बोली शिकवूच नका. खरंच सांगतो, पहिले तीन-चार शनिवार मिनीब्रिज खेळवा. पत्ते वाटले की प्रत्येकाने आपले पॉइंट मोजायचे, एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. चौघांचे मिळून ४० झाले नाहीत तर कुणीतरी चुकलंय. ज्या जोडीकडे जास्त पॉइंट ती खेळणार, तिच्यातल्या ज्याच्याकडे जास्त तो मुख्य खेळाडू, भिडूने पत्ते उघडे मांडायचे, ते बघून हुकूम कुठला आणि किती हात करायचे ते ठरवायचं. बास. मेंढीकोटवाल्याला रंग लावणं, हुकूम मारणं, भिडूला साथ देणं हे सगळं आधीच येतं, त्याला नवीन फक्त डमी, म्हणजे भिडूचे ते उघडे पत्ते. आणि डमी दिसली की माणूस आपोआप प्लॅन करायला लागतो, राणीची फिनेस (समोरच्याचा मोठा पत्ता चुकवून हात काढणं) स्वतःच शोधून काढतो आणि मग जो काही खूश होतो!

बोली त्यानंतर. २५-२६ पॉइंट जोडीत असतील तर गेमला (बोनस मिळणाऱ्या मोठ्या बोलीला) जायचं एवढं कळलं की तो स्वतःच विचारतो, 'पण भिडूकडे किती आहेत हे मला कळणार कसं?' तेव्हा बोली शिकवा.

ठाणेकर_साउथ
वरचं सगळं बरोबर आहे पण लोक बोलीमुळे पळत नाहीत, बोलण्यामुळे पळतात. आमच्याकडे एका नवीन बाईंनी बदामाच्या नव्वीवर दुसरीच पाळी असताना राजा टाकला तर भिडूने सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं 'अहो मॅडम, एवढंही कळत नाही?' केलं. त्या परत आल्या नाहीत. काही झालं तर हात वर करून डायरेक्टरला बोलवायचं, एकमेकांना शिकवणी घ्यायची नाही, हा नियम जुन्यांना आधी शिकवा. बीबीओवरचा रोबो कितीही मंद खेळला तरी अपमान तर करत नाही ना.

नो_ट्रम्प_चालेल
मी इंजिनीअरिंगला आहे, बीबीओवर शिकलो, क्लबात पाऊल टाकलेलं नाही कारण वेळ दुपारी ३ ची. आम्ही काय लेक्चर बुडवून येऊ? (बुडवतो, पण ब्रिजसाठी नाही :D) संध्याकाळी ठेवा. आणि पोस्टरवर जकार्ता टाका. २०१८ च्या एशियन गेम्समध्ये ब्रिज पहिल्यांदा आला आणि पुरुष जोडीत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी गोल्ड मारलं, वय ६० आणि ५६! २०२३ ला हांगझोऊमध्ये पुरुष टीमला सिल्व्हर, फायनलला हाँगकाँगकडून हरलो. आमच्या हॉस्टेलवर हे कुणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांना वाटतं मी रमी खेळतो.

@किलवर_दुर्री पहिल्या दिवशी मॅचपॉइंट (तेच पत्ते खेळलेल्या बाकी जोड्यांशी तुलना करून मिळणारे मार्क) पण सांगा प्लीज. एकच बोर्ड सगळे खेळतात, म्हणजे चांगली पानं आली नाहीत ही रड संपली. नॉन-व्हल्नरेबलमध्ये (गेमचा बोनस कमी असतो त्या डावात) चार इस्पिक बरोबर केलं तर ४२०, आणि तीन नो ट्रम्पमध्ये (बिनहुकमी) एक जास्तीचा हात काढला तर ४३०. त्या १० मार्कांनी अख्खं टेबल वर-खाली होतं. आमच्या पोरांना हेच आवडलं.

बदामराणी
बायकांना आणायचं तर घरच्यांचाही विचार करा. माझ्या सासूबाईंच्या लेखी पत्ते म्हणजे जुगार, गटारीला बसतात तोच. त्यांना मी सुप्रीम कोर्ट दाखवलं, १९६७ चा रमीचा निकाल आहे, त्यात म्हटलंय की पत्ते पिसून वाटले की नशिबाचा थोडा भाग येतोच, ब्रिजमध्येही येतो, पण तेवढ्याने रमी नशिबाचा खेळ ठरत नाही. सासूबाई म्हणाल्या, कोर्टाला स्वयंपाक करावा लागत नाही. तर वेळ साडेपाच ते साडेसात ठेवा, त्यापुढे नको. आणि टेबल फी पहिल्या महिन्यात घेऊ नका, पैसे दिसले की घरात परत तोच विषय.

किलवर_दुर्री
सगळ्यांचे आभार. कमिटीत बोललो. शनिवारी साडेपाचला, पहिले चार आठवडे मिनीब्रिज, फी नाही. जुन्यांपैकी फक्त तिघांना मदतीला घेतोय, जे शांत आहेत असे (यादी करताना फार वेळ लागला नाही). ज्येष्ठांना फळा हवा होता, त्यांना बुधवारच्या निकालाचं विश्लेषण लिहायचं काम दिलंय, खूश आहेत.

नो_ट्रम्प_चालेल
भिडू नसेल तर एकटं आलं तर चालेल का? माझा रूममेट फक्त मेंढीकोटवर ठाम आहे.

किलवर_दुर्री
चालेल, इथे जोडी लावून देऊ. रूममेटलाही आण, मेंढीकोटवाला आम्हाला जास्त हवाय.