बेटांसाठी वेगळी हवामान सेवा: गरज का चैन?

पंचगंगाकाठ
मंडळी, काल ग्रुपवर लक्षद्वीपला स्वतःची हवामान सेवा पाहिजे का ह्यावरनं वाद पेटला, तिथं टाइप करून बोटं दुखली म्हणून इथं धागा काढतोय. प्रश्न असा की छोट्या छोट्या बेटांनी मिळून एक हवामान केंद्र चालवायचं आणि प्रत्येक बेटावर ते समजावून सांगणारी माणसं ठेवायची, हा खर्च सत्कारणी लागतो का वाया जातो.

माझं मत, लागतो. पॅसिफिकमधल्या अमेरिकेशी जोडलेल्या बेटांसाठी १९९४ ला असं एक छोटं केंद्र काढलं होतं. १९९७ ला त्यांनी आधीच सांगून ठेवलं की एल निनो, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापणं, जोरात आहे, पुढचे काही महिने पाऊस दगा देणार. मग मायक्रोनेशियात, मार्शल बेटांवर दुष्काळ समित्या बसल्या, गळके पाइप दुरुस्त झाले, टाक्या वाढवल्या. दुष्काळ आलाच, आणि असा आला की ९८ ला मार्शलच्या राजधानीत, माजुरोत, नळाला पाणी पंधरवड्यातनं काही तास. तयारी नसती तर काय झालं असतं विचार करा. तिथं नदी नाही, जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर, आणि शहराचं मुख्य पाणी म्हणजे विमानतळाच्या धावपट्टीवर पडलेला पाऊस गोळा करून साठवलेला! अशा माणसाला 'पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता' सांगून काय उपयोग, त्याला टाकी किती आठवडे पुरणार ते सांगा.

आपलंच बघा की. मुंबईचं बुलेटिन कोण वाचतंय, कोल्हापुरात सगळे विचारतात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट झालं. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, शेंबड्या पोराला पाठ आहे. नदीकाठच्या प्रयाग चिखलीतली माणसं त्या आकड्यावर जनावरं उंचावरच्या सोनतळीला हलवतात.

शिरोळकर_ऊसवाला
दादा ते फूटबिट शहरात बसून गोड वाटतंय. २०१९ ला ५५ च्या वर गेलं, आकडा सगळ्यास्नी माहीत होता, रेड अलर्ट होता, मोबाईलवर मेसेजवर मेसेज, आणि गावात बोट न्हाई. चारी बाजूनं पाणी, गोठ्यात गळ्यापर्यंत म्हशी, आणि आमी गच्चीवर बसून पुढचा अंदाज वाचतोय. लई उपेग झाला. बेटावाल्यास्नी कागद नको, मशिन द्या. लक्षद्वीपच्या राजधानीत, कवरत्तीला, २००५ पासनं समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लँट हाय, दिवसाला एक लाख लिटर. त्याला म्हणायचं काम.

पंचगंगाकाठ
माजुरोतपण ९८ ला तशी यंत्रं आणून बसवलीच की. पण यंत्र, डिझेल, पार्ट सगळं जहाजानं येतं, आणि कुठल्या बेटावर आधी न्यायचं हे कोण ठरवणार? दोन-तीन महिने आधी कळलं तरच जहाज वेळेत निघतंय.

तांबडा_पांढरा
दोघंपण मोठा मुद्दा सोडताय. पुढच्या काही महिन्यांचा अंदाज काढणारं संगणकावरचं मॉडेल जगाचे चौकोन पाडतं, त्यातला एकेक चौकोन पंचवीस-पन्नास, कधी शंभर किलोमीटरचा. कवरत्ती आख्खी चारेक चौरस किलोमीटर. मॉडेलला ते बेट दिसतच नाही हो, त्याच्या लेखी तिथं समुद्र आहे. लक्षद्वीपचा अंदाज तिरुवनंतपुरमहून येतो. माणसं चांगली असतील, पण बेटावरच्या विहिरीला कधी खारट चव आली हे त्यांना कोण कळवणार? शिवाय एल निनोत पश्चिम पॅसिफिक कोरडा पडतो आणि मध्याला किरिबातीकडं धो धो. एकच बातमी, एकाला दुष्काळ आणि दुसऱ्याला पूर. म्हणून आकडेमोड एका ठिकाणी करा, ती महाग असते, पण शेवटचं वाक्य बेटावरच्या माणसानंच लिहावं. पॅसिफिकमधल्याच व्हानुआतू देशाचं हवामान खातं तर म्हाताऱ्याकोताऱ्यांचे ठोकताळे, झाडं, पक्षी, सगळं नोंदवून घेतं, त्याला कोणी अंधश्रद्धा म्हणत नाही.

निवृत्त_मास्तर
ऐकायला छान. पण असले प्रकल्प परदेशी निधीवर चालतात, निधी संपला की पर्जन्यमापकावर शेवाळ आणि ऑफिसात एक क्लार्क. आपल्याकडच्या योजनांचं काय होतं ते बघतोच आहोत. मला आकडेमोडीपेक्षा निरोप पोचतो का ह्याची काळजी आहे. २०१७ ला ओखी वादळ आलं तेव्हा खोल समुद्रात गेलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचलाच नाही, कारण ते मोबाईलच्या रेंजबाहेर होते. त्यानंतर २०१९ ला इन्कॉइसनं, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेनं, उपग्रहावरनं बोटीवर मेसेज पाठवायचं जेमिनी यंत्र आणलं. माणसं गेल्यावर. हाच क्रम असतो आपला.

तांबडा_पांढरा
मास्तर, म्हणूनच तर कायमची नोकरी असलेली दोन माणसं बेटावर पाहिजेत. पर्जन्यमापकाचं शेवाळ कोण पुसणार, निधी देणारा?

शिरोळकर_ऊसवाला
दोन माणसं आणि एक बोट म्हणा, मग सही करतो. आणि कर्नाटकातल्या आलमट्टी धरणाचं पाणी किती सोडलं हे आमाला शेजारच्या गावातनं कळतंय, ते पण ह्या सेवेत घाला.

पंचगंगाकाठ
आलमट्टी काढू नका राव, त्याला वेगळा धागा आहे आणि तिथं तीनशे प्रतिसाद आहेत.

शिरोळकर_ऊसवाला
काढणार. आणि बोट पयला, अंदाज मागनं, ह्यावरनं मी हलणार न्हाई.

पंचगंगाकाठ
हलू नका. फक्त जुलैत ३९ झाल्यावर तेवढं हला.