आंतरसांस्कृतिक संवादाचा कोर्स : मुलांना हवीय यादी, सिलॅबसमध्ये आहे थिअरी

निळीशाई
नमस्कार मंडळी. या टर्मपासून कॉलेजात इंटरकल्चरल कम्युनिकेशनचा इलेक्टिव्ह माझ्याकडे आलाय. पहिल्याच तासाला सगळ्यांना एकेक कोरी चिठ्ठी दिली, नाव घालायचं नाही, या कोर्सकडून काय हवंय ते लिहा म्हटलं. घरी येऊन वाचल्या आणि तेव्हापासून डोक्याचा भुगा झालाय.

बहुतेकांना हवंय ते असं, की कुठल्या देशात हात मिळवायचा, कुठे नाही, ईमेलची सुरुवात कशी करायची, कुठली खूण चुकूनही करायची नाही, थोडक्यात यादी. बऱ्याच जणांना बाहेरच्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला उपयोग व्हायला हवाय. एकाने "सोपा विषय आहे असं सिनियर म्हणाले" एवढंच लिहिलंय, तो मला आवडला. ग्रुप प्रोजेक्ट नको अशा कळकळीच्या विनंत्या आहेत. आणि एक चिठ्ठी, बहुधा दुसऱ्या देशातून आलेल्या कुणाची तरी: "दर तासाला 'तुमच्याकडे काय करतात?' असं मला विचारू नका."

सिलॅबसमध्ये हॉल आणि हॉफस्टीड (या विषयातले दोन गाजलेले अभ्यासक) आहेत, कल्चर शॉक, स्टिरिओटाइप सगळं आहे, यादी कुठेच नाही. आता मी कोर्स त्यांच्याकडे वळवू की त्यांना कोर्सकडे? शिकवणाऱ्यांनी सांगाच, पण ज्यांनी हा विषय घेतला होता त्यांनीही सांगा.

खडूफळा
चिठ्ठ्या वाचून हसलो, कारण हा विषय घडलाच मुळी अशा तक्रारीतून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या लोकांना बाहेर पाठवण्याआधी तयार करायला फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट काढली आणि तिथे मानववंशशास्त्रज्ञ शिकवायला आणले. ते बिचारे संस्कृती म्हणजे काय यावर बोलायचे आणि समोरचे अधिकारी वैतागायचे, की बाबा आम्हाला तिकडे जाऊन काम करायचंय, याचं काय करू? १९५०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात एडवर्ड हॉल हा मानववंशशास्त्रज्ञ तिथे होता. त्याने आणि जॉर्ज ट्रेगर या भाषाशास्त्रज्ञाने मग मोर्चा डोळ्यांना दिसणाऱ्या, कानांना ऐकू येणाऱ्या बारीक गोष्टींकडे वळवला: माणसं किती अंतर ठेवून उभी राहतात, वेळ कशी पाळतात, आवाज कधी चढवतात. १९५९चं हॉलचं 'द सायलेंट लँग्वेज' त्यातूनच आलं. म्हणजे विद्यार्थी कुरकुरले म्हणून विषय बदलला आणि चांगला बदलला. तेव्हा यादी मागणाऱ्या पोरांवर रागावू नका.

पण यादी आयती द्यायची नाही. मी काय करतो, पहिल्या आठवड्यात त्यांनाच करायला लावतो. एखाद्या देशाबद्दल नेटवर सापडतील ते नियम गोळा करा म्हणतो, ते मजेत करतात. पुढच्या तासाला सांगतो, आता आपल्याच देशाबद्दल बाहेरच्यांसाठी लिहिलेली तशीच यादी शोधून आणा. ती वाचायला लागले की वर्गात भांडणं लागतात, "हे कोण करतं आमच्यात?", "माझी आजी करते", "शहरात नाही करत कुणी", आणि मला एक शब्द बोलावा लागत नाही. यादी कुणी केली, कुणाला बघून केली, कधी केली, हे प्रश्न तेच विचारतात. मग हॉलची अंतरं काढायची. दीड फुटापर्यंत अगदी जवळच्यांसाठी, चार फुटांपर्यंत मित्रमंडळींसाठी, बारापर्यंत कामापुरतं. मुलं लगेच वहीत उतरवून घेतात. तेव्हा सांगायचं की हॉलने ही मापं मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या मध्यमवर्गीय लोकांना बघून काढली होती आणि तसं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पेनं थांबतात बघा.

मागचंबाक
मी घेतला होता हा कोर्स. सोपा आहे म्हणूनच घेतला होता, लपवायचं काय त्यात 😄

थिअऱ्यांची नावं विसरलोय पण दोन गोष्टी डोक्यात आहेत. एक तो पत्त्यांचा खेळ, बार्नगा. प्रत्येक टेबलला नियमांचा कागद देतात, वाचून झाला की काढून घेतात, बोलायला बंदी, आणि जिंकणारे-हरणारे टेबल बदलत राहतात. नियम टेबलागणिक थोडे वेगळे असतात हे कुणालाच माहीत नसतं, तुम्ही आपले समोरचा चिटिंग करतोय म्हणून खुणांनी भांडता, काही जण तर चक्क पत्ते टाकून बसले होते. नंतर सगळं उघड झाल्यावर जी चर्चा झाली ती लेक्चरने झाली नसती. दुसरी गोष्ट ती तीन पायऱ्यांची, आधी जे दिसलं तेवढंच सांग, मग त्याचा अर्थ काय असू शकतो, चांगलं-वाईट सगळ्यात शेवटी. "तो माझ्याशी तुसडेपणाने वागला" हे वर्णन नाही, हा निकाल झाला. ऑफिसात दुसऱ्या देशातल्या टीमचा एका ओळीचा मेल आला की अजून हेच आठवतं.

त्या शेवटच्या चिठ्ठीबद्दल, प्लीज ती सगळ्यात सिरियसली घ्या. आमच्या वर्गात एका मुलीला अख्खी टर्म तिच्या देशाची प्रवक्ती करून ठेवलं होतं. तिने नंतर वर्गाला येणंच बंद केलं.

आकडेमोड
हॉफस्टीड शिकवणार असाल तर जपून. मुलांना तो फार आवडतो कारण त्याने देशादेशांच्या संस्कृतीला दिलेले आकडे आहेत, पेपरात लिहायला सोपं, अमुक देशाचा पॉवर डिस्टन्स (वरचा-खालचा हा फरक लोक किती गृहीत धरतात ते) जास्त, तमुकचा कमी, झालं काम. मूळ डेटा बघा, साधारण १९६७ ते १९७३, एक लाखावर प्रश्नावल्या, आणि सगळे आयबीएमचे कर्मचारी. एका कंपनीतल्या लोकांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव कसा काढायचा, यावर मॅक्स्वीनी या अभ्यासकाने २००२ मध्ये त्याला चांगलाच धुतलाय. आणि हॉफस्टीड स्वतः सांगायचा की हे देशांचे सरासरी स्कोअर आहेत, एकेका माणसाला लावू नका. मुलं पहिल्याच प्रोजेक्टमध्ये नेमकं तेच करतात.

खडूफळा
@आकडेमोड मान्य, पण काढून टाकू नका. दोन्ही बाजू समोर ठेवा, या कोर्सात मुलांना वाद घालायला यापेक्षा चांगलं खाद्य मिळत नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार, आपल्याच देशाची यादी वाचायला लावायची आयडिया मी चोरतेय. आता मार्कांचं सांगा. सिलॅबसमध्ये रिफ्लेक्टिव्ह जर्नलला (आपल्या अनुभवांवर विचार करून लिहायच्या नोंदींना) बरेच मार्क आहेत आणि वर्गातल्या सहभागालाही. मुलांनी "किती पानं, काय लिहिलं की पूर्ण मार्क" हे आधीच विचारून झालंय.

दुपारचीसुट्टी
ताई, जर्नलबद्दल अनुभवाने सांगते. "माझा दृष्टिकोन बदलला, मी आता जास्त सहनशील झाले" या वाक्यांना मार्क आहेत असा वास जरी आला तरी सगळा वर्ग महिन्याभरात सहनशील होतो. मी मार्क बदलाला देत नाही, निरीक्षणाला देते. एक प्रसंग घ्या, कोण काय बोललं, कोण गप्प बसलं हे बारकाईने लिहा, मग त्याचे निदान दोन वेगवेगळे अर्थ लावून दाखवा. "मला अजूनही ते वागणं पटलेलं नाही" असं कुणी लिहिलं आणि निरीक्षण चोख असेल तर पूर्ण मार्क. हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका आणि नमुन्याची एक नोंद दाखवा, पानांचे प्रश्न बंद होतात.

सहभागाचे मार्क मात्र मला खटकतात, या विषयात तर जास्तच. हॉलचं १९७६चं हाय कॉन्टेक्स्ट-लो कॉन्टेक्स्ट (कुठे अर्थ न बोलता संदर्भातून समजायचा, कुठे सगळं शब्दांत सांगायचं) शिकवायचं, कुठे कुठे गप्प राहण्यालाही अर्थ असतो म्हणायचं आणि खाली मार्क द्यायचे ते हात वर करून बोलणाऱ्याला! काही मुलं अशा शाळांतून आलेली असतात जिथे शिक्षकांनी विचारल्याशिवाय बोलणं आगाऊपणा धरतात. त्यांना तुमच्याकडून उत्तर हवं असतं आणि तुम्ही "तुम्हाला काय वाटतं?" विचारलंत की त्यांना वाटतं मॅडमना येत नाही. माझ्याबद्दल एकाने फीडबॅक फॉर्मवर लिहिलंही होतं तसं.

मागचंबाक
@दुपारचीसुट्टी मग गप्प बसणाऱ्यांना मार्क कसे देता? मी त्यातलाच.

दुपारचीसुट्टी
सहभाग म्हणजे तीनपैकी काहीही: वर्गात बोला, तास संपल्यावर चार ओळी लिहून द्या, नाहीतर जोडीदाराशी बोला आणि तो तुमचा मुद्दा मांडेल. काय निवडायचं ते ज्याचं त्याने टर्मच्या सुरुवातीला ठरवायचं, मध्येच एकदा बदलता येतं. ग्रुप प्रोजेक्टलाही तसंच, काम सुरू व्हायच्या आधी ग्रुपने एक पान लिहून द्यायचं की डेडलाइन म्हणजे आमच्यासाठी काय, उशीर झाला तर कुणी कुणाला कसं सांगायचं, नापसंती तोंडावर सांगायची की मेसेजवर. भांडणं होतातच, पण मग भांडायला निदान कागद असतो हातात.

निळीशाई
हे एक पान उद्याच्या तासालाच लिहून घेते. "ग्रुप प्रोजेक्ट नको" वाल्यांपासून सुरुवात.