लीव्ह झालं की आपल्याला व्हिसे? मला नाही पटत

युरोपियन युनियनमध्ये राहायचं (रिमेन) की बाहेर पडायचं (लीव्ह), यावर यूकेत २३ जून २०१६ ला सार्वमत आहे. त्यावरच्या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय की यूकेतल्या आपल्या लोकांनी डोळे मिटून लीव्हवर फुली मारावी, युरोपातले कमी झाले की भारतीयांना व्हिसे मिळतील. मला काही हे झेपलं नाही बुवा. आमच्या मित्राला बायकोला पुण्याहून आणायला १८,६०० पौंड पगार दाखवावा लागला, तो नियम २०१२ चा आणि तोही लंडनने केलेला, ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपियन युनियनचा, काय संबंध? उद्या बाहेर पडलो तरी व्हिसे देणारं होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, तेच राहणार ना.

आणि लीव्हवाल्यांनी प्रचाराच्या लाल बसवर लिहिलंय, आपण युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो! तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९८४ मध्ये भांडून मिळवलेली सूट आधीच वजा होते, तेवढे पैसे जातच नाहीत.

हां, एक मात्र टोचतं, पोलंड युनियनमध्ये म्हणून तिथला माणूस व्हिशाशिवाय बॅग उचलून येतो आणि आपल्या इंजिनिअरला व्हिशासाठी स्पॉन्सर कंपनी शोधत फिरावं लागतं, हे लीव्हवाले बोलतात ते खोटं नाही.

पण गंमत बघा, शेजारचा पोलिश प्लंबर दहा वर्षं इथे टॅक्स भरतोय, पोरं इथल्या शाळेत, त्याला या सार्वमतात मत नाही, आणि मी तीन वर्षांपूर्वी आलेली, भारतीय पासपोर्टवाली, भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) असल्याच्या कृपेने मला आहे! परवा नळ दुरुस्त करताना फ्रीजवर मॅग्नेटखाली अडकवलेला माझा पोस्टल बॅलट (टपाली मतपत्रिका) त्याला दिसला, काही बोलला नाही, चहा घेतला आणि गेला. तेव्हापासून माझा हात रिमेनकडेच जातोय. २३ जूनच्या आत पोचायला हवा, उद्या टाकते टपालपेटीत.